घराची पिग्मी

कागलच्या आत्या निपाणीच्या भाचीला म्हणाल्या, "घर तुझ्या नावावर घे गं, एक टक्का वाचतो." वाचतो खरा, पण कोगनोळी नाक्यापलीकडे! महाराष्ट्रात २०२१ पासून महिलांना मुद्रांक शुल्कात ती सवलत आहे, आपल्याकडे नाही. उलट कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी एकाची दोन टक्के झाली.

मग गाठीला हवे किती? २५ लाखांचे घर धरा. बँक फार तर ९० टक्के देते, म्हणजे अडीच लाख आपले. मुद्रांक ५ टक्के, सव्वा लाख, वर उपकर. नोंदणीचे ५० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुष्कळजण अडीच लाखांवरच निर्धास्त होतात आणि ऐनवेळी पाटल्या गहाण पडतात.

आपली जुनी पिग्मी इथे कामाची. सिंडिकेट बँकेने ती १९२८ साली रोजच्या दोन आण्यांवर सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. शब्द मात्र मराठी-कन्नड दोन्ही घरांत राहिला. रोज २५० रुपये टाकले तर पाच वर्षांत ४ लाख ५६ हजार, व्याज वेगळे. लग्नसराईत मात्र ती मोडू नका हं!

भाचीने घर दोघांच्या नावावर घ्यायचे ठरवले आहे. टक्क्यासाठी नव्हे.