विश्लेषण : घराचे छप्पर बदलायला परवानगी लागते का?

मे महिना उजाडला की कोकणात शाकारणीची लगबग सुरू होते. फुटकी कौले काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पन्हळी साफ करायच्या आणि मृगाच्या आधी घर पावसाला तयार करायचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता या शिरस्त्याला कंटाळलेली घरे वाढली आहेत. माकडांचा उच्छाद, कौले चढवणारे जाणते हात मिळेनासे होणे, लाकडाचे भाव, अशा कारणांनी कौले उतरवून लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर रंगीत पत्रे घालण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. फॅब्रिकेटर चार-सहा दिवसांत काम उरकतो. काम निम्म्यावर आलेले असताना ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा माणूस दारात उभा राहतो आणि विचारतो, ‘परवानगी घेतलीय का?’

घरमालकाचे उत्तर ठरलेले असते. घर आजोबांचे, जागा आमची, नुसते छप्पर तर बदलतोय, त्याला कसली परवानगी? हे उत्तर कधी बरोबर असते, कधी अर्धवट असते आणि कधी महागात पडते. नेमके कुठे काय, हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या कायद्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे ही रेषा सर्वांत स्पष्ट शब्दांत आखलेली आहे.

मुंबईत कायदा काय म्हणतो?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार इमारतीत फेरफार किंवा दुरुस्ती करण्यापूर्वी आयुक्तांना सूचना द्यावी लागते. त्यातून राहण्यायोग्य स्थितीसाठी करायच्या किरकोळ दुरुस्त्या वगळल्या आहेत. गिलावा, रंग, फरशी बदलणे, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ आणि विजेची जोडणी अशी कामे त्या यादीत आहेत. त्याच यादीत छपराचाही उल्लेख आहे : ‘त्याच साहित्याने’ छप्पर बदलणे.

सगळी मेख या दोन शब्दांत आहे. याच कलमात पुढे किरकोळ दुरुस्तीत काय धरायचे नाही, तेही सांगितले आहे. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणे, भारवाहक भिंतींचे भाग काढणे किंवा बदलणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे आणि उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने दुरुस्त करणे, ही कामे किरकोळ नाहीत.

म्हणजे कौलाच्या जागी कौल आणि पत्र्याच्या जागी तसाच पत्रा, तर पालिकेच्या परवानगीची गरज नाही. कौलाच्या जागी पत्रा, तर आहे. पत्र्याच्या जागी स्लॅब, तर प्रश्नच नाही. अक्षरशः अर्थ लावला तर सिमेंटच्या पत्र्याऐवजी लोखंडी पत्रा घालणेही सुटत नाही, कारण साहित्य बदललेच. गळक्या छपराखाली राहणाऱ्या माणसाला हा भेद शुद्ध कागदी वाटतो. पण तो आला कुठून, हेही पाहिले पाहिजे.

उतरते छप्पर सपाट झाले की त्याची गच्ची होते. गच्चीवर आधी पाण्याची टाकी येते, मग पावसापासून आडोसा म्हणून शेड, मग शेडला तीन बाजूंनी भिंती. छप्पर बदलताना खांब तीन-चार फुटांनी वर घेतले की आत पोटमाळा बसतो आणि पोटमाळ्याला वेगळा जिना लागला की तो भाड्याने जातो. एकमजली घराचे दुमजली घर होण्याची सुरुवात अनेकदा ‘गळती होती म्हणून छप्पर बदलले’ या वाक्याने झालेली असते. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये १४ फूट उंचीच्या मर्यादेवरून जे वाद सतत पेटतात, ते याच शंकेचे दुसरे रूप आहे. पालिकेची शंका अगदीच अनाठायी आहे, असे म्हणता येत नाही.

उर्वरित महाराष्ट्रात काय?

मुंबईबाहेर मुख्य आधार आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीतून सूट दिलेल्या कामांत देखभाल, सुधारणा आणि फेरफाराची अशी कामे येतात, जी फक्त इमारतीच्या आतील भागापुरती असतात किंवा ज्यांनी तिच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही. वारसा इमारती आणि वारसा परिसर मात्र या सवलतीतून वगळलेले आहेत.

लाल कौलांच्या जागी निळा पत्रा आला, तर बाह्य स्वरूपात ‘लक्षणीय’ फरक पडला की नाही? कायद्यात या शब्दाचे माप दिलेले नाही. एका गावातला अभियंता म्हणतो, फरक पडला. शेजारच्या गावातला म्हणतो, छपराचा उतार तोच, उंची तीच, मग कसला फरक? राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतीची मजबुती आणि अग्निसुरक्षा यांना बाधा येत नसेल, तर कौले वा छप्पर नव्याने घालणे परवानगीशिवायच्या कामांत मोडते. पण ही संहिता नमुन्यादाखल आहे. ती स्थानिक नियमावलीत किती उतरली, यावर सारे अवलंबून. शिवाय जुने घर रस्तारेषेत येत असेल, म्हणजे रुंदीकरणात त्याचा पुढचा भाग जाणार असेल, तर साध्या दुरुस्तीकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

गावठाणात ग्रामपंचायतीचा अधिकार येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार घर बांधण्यासाठी किंवा पुन्हा बांधण्यासाठी पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. शाकारणीला कुणी परवानगी मागत नाही आणि मागूही नये. पण भिंतींचा वरचा भाग उतरवून, खांब उभारून नवे छप्पर चढवायचे असेल, तर ते ‘पुन्हा बांधणे’ ठरू शकते. येथे एक गैरसमज गावोगावी आढळतो. घरपट्टीची पावती हातात आहे, नमुना ८ वर नाव आहे, म्हणजे बांधकाम अधिकृत, असे मानले जाते. ती फक्त कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून बांधकामाला परवानगी होती, असे सिद्ध होत नाही.

वारसा परिसर आणि किनारा

काही ठिकाणी मात्र कौलाचा रंगसुद्धा खासगी बाब राहत नाही. माथेरान (२००३) आणि महाबळेश्वर-पाचगणी (२००१) ही केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तेथे लागू नाही. तेथील जुन्या बंगल्यांच्या छपराला हात लावण्याआधी स्थानिक नियम पाहणे भाग आहे.

किनाऱ्यावरचा मुद्दा वेगळा. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नव्हते. तेथे असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालत असे, पण जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढवता येत नव्हते. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत समुद्राकाठच्या कुटुंबांसाठी यातला ‘अधिकृत’ हा शब्द सर्वांत जड आहे. घर जुने असते, पण ते जुने असल्याचा कागद नसतो. नोटीस आली की तो कागद शोधण्यात महिने जातात आणि तोवर छप्पर अर्धवट उघडे राहते.

भाडेकरूंची कोंडी

सर्वाधिक अडचण जुन्या वाड्या-चाळींतल्या भाडेकरूंची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ऐकायला उत्तम. पण वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. महिना १०० रुपये भाडे असलेल्या खोलीचे वर्षाचे भाडे १२०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ३०० रुपये. तेवढ्यात छप्पर तर सोडाच, छपराला लागणारे हुक-बोल्टही धड येणार नाहीत.

भाडेकरूने स्वखर्चाने पक्के छप्पर घातले, तर दुसरा धोका उभा राहतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे याच कायद्यात घर खाली करून मागण्याचे एक कारण आहे. गळती थांबवायला गेलेला भाडेकरू कोर्टात आरोपीसारखा उभा राहतो. पुणे, सातारा, कोल्हापूरसारख्या शहरांतल्या जुन्या पेठांत ताडपत्रीखाली वर्षे काढणारी घरे दिसतात, त्यामागे गरिबीइतकीच ही भीती असते.

परवानगी घेतली नाही तर?

नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये विनापरवाना विकासकामासाठी किमान १ महिना ते ३ वर्षे कैद आणि २ हजार ते ५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मुंबईत कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस येते. पण नोटीस म्हणजे लगेच हातोडा नव्हे. नगररचना कायद्याच्या कलम ५३ नुसार नोटीस मिळाल्यावर परवानगीसाठी अर्ज करता येतो. काम नियमांत बसणारे असेल, तर ते नियमित होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस बंधनकारक केली आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी अशा जागांवरील अतिक्रमणांना मात्र हे संरक्षण नाही. थोडक्यात, कोणी दारात उभे राहून ‘उद्या पाडतो, नाहीतर मिटवून टाका’ म्हणत असेल, तर त्याच्याकडे लेखी नोटीस मागावी. तोंडी धमकीला कायद्यात स्थान नाही.

प्रश्नच चुकीचा विचारला जातो

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर परिसरात कौलेही गेली आणि पत्रेही. फरक एवढाच की कौल फुटून जागच्या जागी पडते आणि नीट न बसवलेला पत्रा पात्यासारखा उडत जातो. सांगाडा भिंतीत किती खोल रोवला आहे, हुक किती अंतरावर आहेत, पागोळीच्या बाजूला पत्रा किती बाहेर आला आहे, यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून असतो. छपराच्या परवानगीत खरे तपासायचे ते हे. प्रत्यक्षात मोजली जाते फक्त उंची आणि क्षेत्रफळ. पत्रा घट्ट आहे का, हे कोणीही विचारत नाही.

दुसरीकडे, राज्याने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रित नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील नव्या घरासाठी नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावतीच पुरेशी मानण्याची सोय केली आहे. अख्खे घर पावतीवर उभे राहू शकत असेल, तर उभ्या घराची कौले उतरवून त्याच उतारावर, त्याच उंचीवर पत्रा घालण्यासाठी घरमालकाने हेलपाटे का मारायचे? उंची आणि जोते बदलत नसेल, तेव्हा आधीचे-नंतरचे फोटो आणि बांधणी योग्य असल्याचे अभियंत्याचे एक पानी प्रमाणपत्र घेऊन, केवळ सूचनेवर हे काम होऊ द्यावे. ‘त्याच साहित्याने’ ही अट वारसा परिसरापुरती ठेवावी. आज कौल बनवणारे कारखाने कमी होत आहेत आणि ती चढवणारे सुतार म्हातारे झाले आहेत. अशा वेळी ही अट पाळणे शक्य नसलेल्यांचीच संख्या वाढणार. नियम जिथे संदिग्ध असतो, तिथे चिरीमिरीला जागा मिळते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

तोपर्यंत काय करावे?

नियम बदलेपर्यंत घरमालकाने काम सुरू होण्याआधी जुन्या छपराचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. आढ्याची आणि पागोळीची उंची टेपने मोजून, टेप दिसेल असा फोटो ठेवावा. नंतर ‘उंची वाढवली’ असा आक्षेप आला, तर हाच पुरावा कामी येतो. साहित्य तेच असले, तरी ग्रामपंचायतीला किंवा पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला एक साधे पत्र देऊन आवक शिक्क्याची पोच घ्यावी. साहित्य किंवा उंची बदलणार असेल, तर परवानाधारक अभियंत्यामार्फत रीतसर अर्ज करावा आणि हे काम एप्रिलपर्यंत ढकलू नये, दिवाळीनंतरच हाती घ्यावे. भाडेकरूने मालकाची संमती लेखीच घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके’वर विसंबू नये. जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील, तर ते बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते ग्राइंडरने कापू नयेत, आधी ओले करून अख्खे उतरवावेत, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आणि पावसाळ्यातच छप्पर उडाले, तर ताडपत्री टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. गच्चीवर पावसापुरती शेड घालायची असेल, तर मात्र तात्पुरत्या परवानगीची वेगळी तरतूद आहे. ती फक्त पावसाळ्यापुरती असते. ऑक्टोबर उजाडल्यावरही शेड तशीच राहिली, तर ती विनापरवाना बांधकाम ठरते.