डबा हलवून बघा

"काका, याच्या मोबाइलमधले सगळे गेम काढून टाका." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या काउंटरवर येतं. सोबत सातवी-आठवीतला पोरगा, मान खाली. मी गेम काढून देतो आणि पैसे घेत नाही, कारण संध्याकाळपर्यंत ते सगळे परत आलेले असतात. अंजनगावात आज माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी याच गाळ्यात दोन जुने टीव्ही मांडून मी पोरांना व्हिडिओ गेम खेळायला द्यायचो. म्हणजे या पापात माझा वाटा जुना आहे. त्या हक्कानं आईबापांशी चार शब्द बोलतो, आणि पोरांशीही.

तेव्हा माझ्याकडे खेळणारे आता चाळिशी ओलांडलेले बाप झालेत. पोराचा मोबाइल माझ्या हातात देताना ते हटकून म्हणतात, "आताच्या गेममधे काही राम नाही राह्यला. कॉन्ट्रा म्हणजे कॉन्ट्रा होता!" खरं आहे, होताच. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ घरच्या टीव्हीसाठी १९८८ मध्ये आला. त्यात धबधब्याचा एक टप्पा आहे. दोघं मिळून वर चढायचं. एक जण पुढं गेला की पडदा वर सरकतो आणि मागं राहिलेला फुकट मरतो. या एका टप्प्यावरून माझ्या दुकानात कॉलर धरल्या गेल्यात. दोन मित्र इथं भांडणार, हे तो टप्पा रचणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. त्यानं आमच्या भांडणाचा आधी विचार केला होता, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यात मधेच लाइन गेली की सगळं पहिल्यापासून. ती शिक्षा मात्र विद्युत मंडळाची.

पण भाऊ, त्याच काउंटरवर दुसरी एक कॅसेट असायची, '९९९९ इन १' लिहिलेली. नावं ९९९९ आणि आत खेळ मोजून पाच-सहा. तोच खेळ, एकदा गाडी लाल, एकदा हिरवी. ती कॅसेट विकणाऱ्यानं मला फसवलं आणि मी तुम्हाला. अमेरिकेत तर याहून मोठं झालं. अटारी कंपनीनं १९८२ मध्ये 'ई.टी.' या गाजलेल्या सिनेमावर गेम काढायचं ठरवलं आणि नाताळ गाठायचा म्हणून एका माणसाकडून तो पाचेक आठवड्यांत करून घेतला. अपेक्षेएवढा खपला नाही तेव्हा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कॅसेटी पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी खड्डा खणून त्या बाहेर काढल्या. तेव्हा जुनं ते सगळं जीव ओतून केलेलं, हे डोक्यातून काढा. घाई आणि हाव तेव्हाही होती.

मग जीव ओतलेला खेळ कोणता? मला विचाराल तर ही परीक्षा आपल्या घरातच आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडात भुलाबाई असतात. गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकण लावलेला डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. माझ्या बहिणीच्या वेळी आमची आई दुपारपासून डोकं चालवायची. फुटाण्यांत खडीसाखरेचे चार खडे टाकायची, म्हणजे आवाज फसवा व्हावा. पोरींनी पहिल्याच फटक्यात नाव सांगितलं की तिचं तोंड उतरायचं. दहा नावं घेऊनही ओळखली नाही, की रात्री भांडी घासताना ती स्वतःशीच हसायची. खेळणाऱ्यासाठी दुपार खर्च करायची आणि तो आपल्याला हरवेल ही जोखीमही घ्यायची, गेम करणाऱ्याचं काम यापेक्षा वेगळं नाही.

मोठ्या कंपन्यांना ही जोखीम आता परवडत नाही. 'द लास्ट ऑफ अस' या खेळाच्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. आपल्या हिशोबानं दीड हजार कोटींच्या वर. एवढा पैसा अडकला की डब्यात काय घालायचं हे आई ठरवत नाही, हिशोबनीस ठरवतो. तो म्हणतो, मागल्या वर्षी लाडू खपले, लाडूच घाला. तरी खात्री नसतेच. सोनीनं कित्येक वर्षं खपून 'कॉन्कॉर्ड' नावाचा नेमबाजीचा खेळ काढला. तो २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. लोकांचे पैसे परत करावे लागले. तसे दहा खेळ बाजारात आधीच होते, अकरावा कोणाला हवा होता?

आणि तुमच्या पोराच्या मोबाइलवर जे फुकट मिळतं, त्यातलं बरंचसं याहून वाईट. तिथं डबा रिकामा असतो आणि हलवायचे पैसे घेतात. रोज या, नाहीतर बक्षीस बुडेल. पाच जीव संपले, आता थांबा किंवा पैसे टाका. रमी आणि तीन पत्तीवर पैसे लावायला लावणारी ॲप तर खेळच नव्हती, ती सट्टापट्टी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते बरंच झालं. त्यावर जास्त बोलत नाही, घरं गेलेली पाहिलीत.

एवढं पाहून "सगळंच गेलं" म्हणाल, तर तसं नाही. पुण्यातच पाहा. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या मूठभर लोकांनी 'राजी' हा खेळ करायला घेतला. सर्कशीत वाढलेली एक पोरगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली. त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. तरी काम थांबलं नाही; घरचा फ्लॅट विकून पैसा घातला गेला. २०२० मध्ये खेळ आला. पहाडी शैलीतली चित्रं, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, आणि दुर्गा-विष्णू आपसात बोलतायत. पदार्पणाच्या खेळांत जगभरातल्या पाचांत त्याचं नाव लागलं. शेवट मला अर्धवट वाटला, मारामारीही पुढं पुढं तीच ती होते. पण डबा कोणीतरी मनापासून भरलाय, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

'वेन्बा' हा खेळ तर थेट स्वयंपाकघरात नेतो. कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आईची पाककृतींची वही फाटलेली, आणि गाळलेल्या पायऱ्या आपण जुळवायच्या. सुरुवातच इडलीपासून. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ नीट फिरेल, हे कोडं! २०२४ मध्ये त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कॅनडातल्या एकट्या माणसानं केलेला, साध्या पत्त्यांवरचा 'बालाट्रो' आला आणि वर्षभरात त्याच्या लाखो प्रती खपल्या. पारावर पत्ते पिसणाऱ्या आपल्या मंडळींनी तो एकदा पाहावाच. त्यात पैसे लावायचे नसतात, फक्त वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा आईबापहो, गेम काढून टाका म्हणत येण्याआधी अर्धा तास पोराजवळ बसा. त्याला म्हणा, मला शिकव. शिकवताना तो रंगून सांगत असेल, हा कोपरा बघा, इथं असं होतं, तर आत काहीतरी आहे. नुसताच बोटानं टकटक करत "थांबा, जाहिरात संपू द्या" म्हणत असेल तर डबा रिकामा आहे. खेळ उतरवून घेताना बटणाच्या आसपास 'जाहिराती आहेत', 'ॲपमधील खरेदी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. एकदाच पैसे मोजून मिळणारा आणि कधीतरी संपणारा खेळ घेऊन द्या; महिन्याच्या रिचार्जएवढ्या पैशात सेलमध्ये चांगले खेळ मिळतात. घरी कॉम्प्युटर असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. डबा हलवून बघायची ही सोय वापरा की.

आणि पोरांनो, तुम्ही नुसते खेळू नका, एखादा करून बघा. गेम करायला स्क्रॅच नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रंगीत ठोकळे जोडत जायचे. थोडं जमलं की गोडो घ्या, तोही फुकट, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेला. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि पंधरा दिवसांत शिंद्यांचा तह झाला तो आपल्या गावात. सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आपलं नाव येतं ते एवढ्यापुरतं. त्या गडाच्या दरवाज्यातून एखादा निरोप्या रातोरात इथवर कसा आला असेल? शहानूर नदीचं पात्र, पानमळ्यातली गर्द सावली, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ, सगळं सायकलच्या अंतरावर आहे. मोठ्या कंपनीचा हिशोबनीस याला पैसा देणार नाही, आणि म्हणूनच ते तुमच्यासाठी मोकळं आहे. पहिला खेळ भिकार होईल. होऊ द्या. मला आणून दाखवा, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

मागच्या भुलाबाईत आमच्या गल्लीतला नववीतला एक पोरगा असाच आला. त्यानं आईकडून खिरापतीचे आवाज रेकॉर्ड करून घेतले होते. पडद्यावर पितळी डबा. मोबाइल हलवला की तो वाजतो, आणि चार नावांतून एक निवडायचं. मुरमुरे मी लगेच ओळखले, शंकरपाळ्यांना चुकलो. तिसऱ्या डब्याला मोबाइल कानाशी धरून जोरजोरात हलवला, काहीच वाजेना. म्हटलं, "बिघडलं रे तुझं. आवाजच नाही येत."

पोरगं काउंटरला टेकून हसत होतं. "शिरा हाये, काका. शिरा कुठी वाजते जी?"