उधारीची यादी आणि कोरा राहणारा कागद

नगरच्या कापड बाजारात आता लहान दुकानांतही संगणक आला आहे आणि उधारीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवला जातो. ही चांगलीच गोष्ट झाली. पण वसुलीचा माणूस पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेडला निघाला की यादी कागदावर काढावी लागते. कारण गिऱ्हाईक आपली बाकी कागदावर पाहतो आणि रक्कम दिली की तिथेच सही करतो. ही यादी छापताना मात्र आपण फार बेफिकीर असतो, असे आमचे मत आहे.

हिशेबच पाहा. ६०० खातेदारांची यादी आहे. नाव, गाव आणि बाकी असे तीन रकाने. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि नेहमीच्या अक्षरात त्यावर सुमारे ५० ओळी बसतात. म्हणजे १२ कागद गेले, आणि प्रत्येकाची उजवी बाजू जवळजवळ कोरीच. दर आठवड्याला यादी काढली तर वर्षाला ६२४ कागद होतात, म्हणजे ५०० कागदांच्या एका रिमाहूनही जास्त. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वहीत पानाला घड्या घालून डावीकडे जमा व उजवीकडे नावे लिहीत. पानाची रुंदी वाया जात नसे.

काही मंडळी यावर अक्षर बारीक करण्याचा उपाय करतात. तो आम्हाला मान्य नाही. साठीच्या गिऱ्हाइकाला स्वतःची बाकी वाचता आली नाही, तर त्याने सही कोणत्या भरवशावर करावी? कागद वाचवायचा तो मांडणी सुधारून.

त्यासाठी मूळ यादीला हात लावू नये. बेरीज आणि अक्षरक्रम लावणे तिथेच सोपे असते. छापण्यासाठी वेगळी प्रत करावी. पहिल्या ५० ओळी डावीकडे, ५१ ते १०० त्याच पानावर उजवीकडे, मध्ये एक अरुंद रकाना रिकामा. १०१ पासून पुढचे पान. यादीचे सरळ दोन तुकडे करून ३०१ वे नाव पहिल्या नावाशेजारी आणू नये. तसे केले तर अक्षरक्रम पानोपानी तुटतो आणि वसुलीचा माणूस नाव शोधत बसतो. हाताने हलवणे जड वाटत असेल तर तक्ता अर्ध्या पानाच्या रुंदीत बसवून वर्डमध्ये न्यावा आणि पानाचे दोन रकाने करावेत. वर्तमानपत्राप्रमाणे ओळी आपोआप पुढे सरकतात. अशी ६ पाने होतात. दोन्ही बाजूंनी छापली तर ३ कागद, वर्षाला १५६.

मग तीन जोड्या का लावू नयेत, असे कोणी विचारील. लावता येतील, पण त्यासाठी गावाचा रकाना काढावा लागेल. आपल्याकडे शेख, पठाण, सय्यद या आडनावांची खाती किती असतात, हे सांगायला नको. रकाना अरुंद पडला तर लांब नाव शेजारच्या भरलेल्या घरापाशी कापले जाते आणि रकमेच्या जागी नुसत्या फुल्या दिसतात. एकाची बाकी दुसऱ्याकडे मागितली गेली, तर कागदाच्या बचतीपेक्षा इज्जतीचे नुकसान मोठे. म्हणून आम्ही दोनच जोड्या म्हणतो.

शिलाई कारागिरांच्या मजुरीच्या याद्यांनाही हेच लागू आहे. छापण्याआधी पडद्यावर पान पाहून घ्यावे. नाव एका पानावर आणि रक्कम दुसऱ्यावर गेलेली नाही ना, एवढे तपासावे. हे काम संगणकावर बसणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर सोडून चालणार नाही. कोणते खाते कसे वाचले जाते, ते मालकालाच माहीत असते. एकदा शेजारी बसून मांडणी ठरवून द्यावी.