डोक्यातली भरती-ओहोटी



आपल्या मराठीतलं एक क्रियापद भारी कामसू आहे. ते म्हणजे ‘वाटणे’. ‘आज पाऊस पडेल असं वाटतं.’ ‘मला काळोखाची भीती वाटते.’ ‘आंबा खावासा वाटतो.’ शब्द एकच, पण कामं तीन! पहिल्या वाक्यात अंदाज आहे, दुसऱ्यात भावना आणि तिसऱ्यात इच्छा. आपल्या मनातही ही तिघं एकाच खोलीत राहतात. कधी कधी इच्छा हळूच अंदाजाचा सदरा घालून बाहेर येते आणि आपण फसतो.

कसं, ते पाहायला अलिबागला जाऊ. तिथला कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात पुरती ओहोटी असली, की किनाऱ्यावरून चालत जाता येतं. समजा, तुम्ही किल्ल्यात आहात. तोफा अजून बघायच्या राहिल्यात. कुणीतरी हाक मारतं, “चला, पाणी भरायला लागलं!” तुम्ही तटावरून डोकावता आणि म्हणता, “छे! अजून अर्धा तास तरी काही होत नाही, असं वाटतं.”

आता थांबा. हा ‘अर्धा तास’ आला कुठून? समुद्राकडून, की तोफा बघायच्या इच्छेकडून?

शिवाय समुद्र आपल्याला आणखी एका प्रकारे चकवतो. भरती साधारण सहा तास चढते, पण सगळे तास सारखे नसतात. समजा, उधाणाच्या दिवशी पाणी एकूण १२ फूट चढणार आहे. मग ठोकळ हिशेब असा : पहिल्या तासात १ फूट, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. पहिल्या तासात पाणी हळू चढतं, म्हणून मन म्हणतं, ‘पुढेही असंच चढेल.’ आणि नेमका पुढेच वेग तिप्पट होतो! त्यात आजूबाजूला पन्नास माणसं निवांत फिरत असली, की आपला विश्वास आणखी पक्का होतो. पण ती पन्नास माणसंही एकमेकांकडे बघूनच निवांत असतील तर?

हा नुसता गमतीचा विषय नाही बरं का. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्या वेळी कुणाच्या मनात काय होतं, ते आपण ठरवायचं नाही. पण पाण्याशी गाठ असते तेव्हा नुसत्या ‘वाटण्यावर’ विसंबायचं नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवायचं.

आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक काय करतात? ते तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हेही एक ‘वाटणं’च आहे, पण किती वेगळं! ते पिढ्यान् पिढ्या रोज समुद्राशी ताडून पाहिलेलं आहे. चुकलं असतं, तर केव्हाच टाकून दिलं असतं.

नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात. त्याने मनाला धीर येतो. पण होडीची डागडुजी आणि जाळ्यांची तपासणी ते सोडत नाहीत. श्रद्धा आपल्या जागी, हिशेब आपल्या जागी.

इच्छा वाईट असते का? मुळीच नाही! इच्छा नसती, तर माणसाने होडी पाण्यात लोटलीच नसती. कुठे जायचं हे इच्छेला विचारावं. वाटेत पाणी किती आहे, हे मात्र पाण्यालाच विचारावं.

या आठवड्याचा उद्योग : वहीच्या पानावर तीन रकाने आखा : ‘मला हवंय’, ‘मला वाटतं’, ‘मी पडताळलं’. परीक्षा, क्रिकेटची मॅच, मैत्रिणीचा रुसवा, काहीही घ्या. ‘ती माझ्यावर रागावली आहे’ हे कुठल्या रकान्यात जाईल? तिला विचारलंत का? आणि तिथीवरून उद्याच्या भरतीची वेळ काढून वर्तमानपत्रातल्या किंवा बंदरावरच्या वेळेशी जुळते का, ते पाहा. किनाऱ्यावर मात्र मोठ्या माणसांबरोबरच जायचं, आणि समुद्रात उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचं.

पालकांनो, या आठवड्यात मुलांनी तुम्हाला “कशावरून?” असं विचारलं, तर ते उलट बोलणं समजू नका. पाणी किती आहे, ते चाचपून पाहताहेत ती.