दाढ काढली, तरी कळ तशीच? शस्त्रक्रिया निवडताना घाई नको

दात घासताना, चहाचा घोट घेताना गालात विजेसारखी कळ जाते आणि काही सेकंदांत थांबते. शिरूर असो वा दौंड, असा रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो. कधी चांगली दाढही निघते, कळ राहतेच. दुखणे असते चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे. अभिनेता सलमान खानने याच आजारासाठी २०११ मध्ये अमेरिकेत उपचार घेतले होते.

पहिला उपाय कार्बामाझेपिनची गोळी. तिचा गुण येईना किंवा गुंगी सोसवेना, की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

गालातून सुई घालून नस तापवली की आराम लगेच आणि घरीही लवकर जाता येते. पण गाल बधिर होतो, काही वर्षांत कळ परतू शकते. गॅमा नाइफमध्ये चिरा नसतो. गुण यायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

कानामागे कवटी उघडून नसेवर दाबणारी रक्तवाहिनी दूर करायची, हे ऐकूनच घरचे नको म्हणतात. ऐकू कमी येण्याचा, क्वचित पक्षाघाताचा धोका आहेच. तरी मूळ कारणावर इलाज हाच. १९९६ च्या अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्णांचा आराम टिकला होता.

एमआरआयमध्ये दाब दिसत असेल, प्रकृती धडधाकट असेल, तर केवळ पुण्याच्या खेपा वाचतात म्हणून सुई निवडणे चूक. हृदयविकार असलेल्या आजीबाईंसाठी मात्र सुईच बरी. सगळ्या पद्धती उपलब्ध असलेल्या ठिकाणच्या न्यूरोसर्जनचे मत घ्या. एकच पद्धत करणारा बहुधा तीच सुचवणार.