कॅमेरा कोणाच्या हाती?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या आयुष्यावर अनुबोधपट काढायला आणि कविता लिहायला शिकवावे, असे कोणी सुचविले की चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. शोषणाची मुळे समाजरचनेत आहेत. मुलांना इतिहास शिकवा, अर्थकारण शिकवा, ‘मी आणि माझे दुःख’ हा मध्यमवर्गीय छंद त्यांना कशाला लावता, असा हा आक्षेप. तो प्रामाणिक आहे. पण ज्या ठिकाणी हे काम नेटाने झाले, तिथला अनुभव वेगळेच सांगतो.

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेचर काउंटी हा कोळसाखाणींचा डोंगराळ मुलूख. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि या डोंगरांत कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. मोडकी घरे आणि अनवाणी मुले त्यांच्या चित्रांत भरपूर येत. कोळसा कोणी नेला आणि पैसा कुठे गेला, हे मात्र फारसे येत नसे. सप्टेंबर १९६७ मध्ये ह्यू ओ’कॉनर हे कॅनडाचे चित्रपट-दिग्दर्शक एका खाणकामगाराचे, त्याच्या संमतीने, चित्रण करीत असता हॉबर्ट आयसन या घरमालकाने त्यांना गोळी घालून ठार केले. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. पुढे आयसनने गुन्हा कबूल केला, तरी प्रत्यक्ष तुरुंगवास वर्षभराचाच घडला. गावातल्या पुष्कळांची सहानुभूती त्याच्याकडे होती. आपली अब्रू परक्यांनी जगाला विकली, ही चीड त्यामागे होती. अर्थात, बंदूक उचलली ती घरमालकाने, भाडेकरूने नव्हे. हा तपशीलही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

याच काउंटीतील व्हाइट्सबर्ग गावी १९६९ साली सरकारी दारिद्र्यनिवारण योजनेखाली तरुणांसाठी चित्रपटशिक्षणाची एक कार्यशाळा निघाली. तीच पुढे ‘अॅपलशॉप’ झाली. योजनेचा हेतू साधा होता : मुलांनी एखादे कसब शिकावे आणि नोकरी मिळवावी. परंतु त्या डोंगरांत चित्रपटाच्या नोकऱ्या होत्या कुठे? म्हणजे नोकरीसाठी शिकायचे ते गाव सोडण्यासाठीच. मुलांनी हा अर्थ नाकारला. सरकारी पैसा आटल्यावरही कॅमेरे त्यांनी गावातच ठेवले आणि आपल्याच माणसांचे चित्रण केले : खाणमजूर, सुईणी, वाद्ये वाजविणारे म्हातारे. ओ’कॉनर यांच्या हत्येवर ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ हा अनुबोधपट २००० साली निघाला, तो याच संस्थेतील एलिझाबेथ बॅरेट यांचा. आणि त्या स्वतः त्याच मुलखातल्या. आपला कॅमेरादेखील परका ठरू शकतो काय, हा प्रश्न त्यांनी त्यात टाळलेला नाही.

१९८८ पासून अॅपलशॉपने किशोरवयीनांसाठी स्वतंत्र शिक्षणवर्ग चालविला. त्यांतील उन्हाळी वर्गात मुलांना कामाचे वेतन दिले जाते, ही गोष्ट वरवरची नव्हे. कारण सुट्टीत मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा फुकट शिकायला येऊ शकत नाही. शिक्षणाचा खरा भाग मात्र यंत्राचा नसतो. खाणीत राबलेल्या आजोबांसमोर नातू कॅमेरा घेऊन बसतो. आजोबा बोलता बोलता खोकतात. मुलगा प्रथम तो खोकला कापून टाकू पाहतो, कारण त्याने आवाज बिघडतो! तो ठेवावा, असे ज्या क्षणी त्याला वाटते, त्या क्षणी त्याचे शिक्षण सुरू होते. मग हा खोकला कशाचा, फुप्फुसात कोळशाची धूळ कशी बसते, १९६९ च्या खाणसुरक्षा कायद्यापर्यंत मजुरांना किती झगडावे लागले, हे प्रश्न आपोआप येतात. अर्थकारण शिकवायचे ते याहून निराळे काय असते?

कविता याहून स्वस्त. तिला वही-पेन्सिल पुरते. पण तिच्यावरचा पहारा स्वस्त नसतो. लंडनच्या गरीब वस्तीत, स्टेपनीत, ख्रिस सर्ल या तरुण शिक्षकाने १९७१ साली मुलांना छायाचित्रकार रॉन मॅकॉर्मिक यांनी टिपलेली त्यांच्याच गल्लीबोळांची चित्रे दाखविली आणि कविता लिहायला सांगितले. मुलांनी जे पाहिले ते लिहिले. शाळेच्या नियामकांना त्या कविता फार उदास वाटल्या. त्यांचा विरोध डावलून ‘स्टेपनी वर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले आणि सर्ल यांची नोकरी गेली. तेव्हा सुमारे ८०० विद्यार्थ्यांनी भर पावसात संप केला. दोन वर्षांनी सर्ल यांना परत घ्यावे लागले, आणि दैवदुर्विलास असा की तो निर्णय देणाऱ्या शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर! आपले शब्द छापले गेले म्हणून गुरुजींची भाकरी जाते, हे कळल्यावर त्या मुलांना सत्तेची व्याख्या वेगळी सांगावी लागली नसणार.

आता खरा धोका. तो ‘मी’ या शब्दात नाही, तो बाजारात आहे. १९८० च्या दशकात शिकागोत सुरू झालेल्या काव्यस्पर्धांत श्रोत्यांतूनच निवडलेले पाच परीक्षक प्रत्येक कवितेला शून्य ते दहा गुण देतात. मुलांना व्यासपीठ मिळाले, धीर आला, हे कबूल. पण वडिलांच्या दारूला किती गुण आणि बहिणीच्या मरणाला किती, हे एकदा कळले की मूल त्या बेताने दुःख मांडू लागते. देणगीदार संस्थांचेही तेच. त्यांच्या अहवालाला अश्रू लागतात. आणि पक्षसंघटनांनी स्वतःला यातून सोवळे समजू नये. शिबिरात एखाद्या मुलीने आईविषयी चार ओळी लिहिल्या की त्या मोर्चाच्या पत्रकावर घालण्याचा मोह होतो. तिला विचारतो कोण?

दलित आत्मकथनांच्या वेळी मराठी वाचकाने हे जवळून पाहिले आहे : लेखक टाळ्या घेऊन घरी जातो, आणि ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे त्याच वस्तीत राहतात. प्रौढ लेखकाला जे जड गेले, ते पंधरा वर्षांच्या मुलावर टाकायचे तर काही बंधने आधी ठरली पाहिजेत. चित्रपट बाहेर दाखविण्यापूर्वी तो त्या घरातल्यांनी पाहिलेला असावा. कविता छापायची की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवावे आणि ‘हो’ म्हटल्यावर ‘नको’ म्हणण्याची त्याला मुभा असावी. ज्याला स्वतःविषयी काहीच सांगायचे नसेल, त्याला नदीवर, बाजारावर किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्यावर चित्रपट काढू द्यावा. आणि मूळ ध्वनिमुद्रणे व चित्रफिती संस्थेच्या कपाटाइतक्याच त्या कुटुंबाच्याही हाती असाव्यात. जुलै २०२२ च्या महापुरात व्हाइट्सबर्गच्या संग्रहातील असंख्य फिती चिखलात भिजल्या, तेव्हा त्यांत कितीतरी घरांतले आवाज होते.