उंबरठ्यापासून मोजा

"आई, सोळा तासांचा तर प्रवास!" लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या बहुतेक आयांना हे ऐकावं लागतं. इंटरनेटवर विचारलं की मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर, थेट विमानाने साधारण 16 तास, असं चटकन उत्तर मिळतं. उत्तर खरं आहे, पण ते विमानाचं. आईचं नव्हे.

विमानाचा प्रवास विमानतळावर सुरू होतो, बाईचा घराच्या उंबरठ्यावर. आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डी विमानतळ 2017 साली सुरू झालं खरं, पण अमेरिकेसाठी बहुतेक जणी मुंबईच गाठतात. अहिल्यानगर ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम 200 किलोमीटर, मोठ्या विमानाला पाव तासाचं काम. आपण मात्र गाडीने जाणार. घाट आणि वाहतूक धरून सहा-सात तास. विमानाआधी तीन तास हजर राहायचं. उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा, लेकीच्या घरापर्यंतचा रस्ता, म्हणजे आणखी तीन तास. करा बेरीज. 16 चे 29 होतात! जामखेडची आई असेल तर त्यात आणखी दीड-दोन तास. आणि डिंकाचे लाडू, बाळंतविडा बांधण्यात गेलेली आदली रात्र तर कुठेच धरलेली नसते.

तिकिटावरच्या वेळाही फसव्या. त्या ज्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. मुंबईहून रात्री दीडला सुटलेलं विमान तिथे त्याच दिवशी सकाळी सातला उतरतं. कागदावर साडेपाच तास, पण पाय सुजतात ते सोळा तासांचे!

आता मुद्द्याचं. थोडे पैसे वाचतात म्हणून आईसाठी दोनदा विमान बदलायचं तिकीट काढलं जातं. अनोळखी विमानतळावर ती सात-आठ तास पर्स छातीशी धरून एकटी बसते. भाषा अर्धवट, गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या. आणि पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिनेच ओटा सांभाळायचा! ही काटकसर नव्हे. वाचलेले पैसे तिच्या गुडघ्यांतून वसूल होतात.

थेट विमान परवडत नसेल तर एकदाच बदला, मध्ये तीन-चार तास ठेवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. त्यात लाजायचं काय? गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, त्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. विमानात मधूनमधून उठून चाला, पाणी प्या. फार वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

आणि बायांनो, "तुम्हाला बरं पडेल ते काढा" म्हणणं आता सोडा. तिकीट काढण्याआधी मुलांना घरापासून घरापर्यंतचे तास लिहून मागा. प्रवास तुमचा आहे, तो कसा करायचा हेही तुम्हीच सांगा.